हवामानबदल, सरकारी नियम आणि आपण : सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "किती फूट?" कशाचे फूट, हे सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा वाटलं, आपल्या आयुष्यातला मोठा पूर बघून झाला. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा ५५ च्या आसपास.

मी नागरिकशास्त्र शिकवते आणि गावभागात राहते. पूर ओसरल्यावर आमच्या वाचनकट्ट्यावर जे प्रश्न सारखे येत राहिले ते, आणि मला जमली तशी उत्तरं, इथे एकत्र केली आहेत.

पाऊस निसर्गाचा, पूर नदीचा. सरकारने नियम करून काय होणार?

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. ते बाष्प मग थोड्या वेळात, थोड्या जागेवर कोसळतं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. एखाद्या पावसाचं खापर सरळ हवामानबदलावर फोडता येत नाही, पण अशा पावसाची शक्यता वाढत चालली आहे आणि त्यामागे कोळसा, तेल नि वायू जाळणं आहे, यावर शास्त्रज्ञांचं एकमत आहे.

म्हणून नियम दोन बाजूंनी लागतात. एक, धूर कमी करण्याचे : वीज कशापासून करायची, गाडीने किती ओकायचं, कारखान्याने टनामागे किती इंधन जाळायचं. दोन, जे टळणार नाही त्याची झळ कमी करण्याचे. दुसऱ्या प्रकारातला नियम आपल्या दारातच आहे. पूररेषा! निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, निळ्या-लालच्या मध्ये अटी घालून. कागदावर हे इतकं सोपं आहे. प्लॉट विकत घेताना मात्र निळी रेषा कुठून जाते हे विचारणारा माणूस मला अजून क्वचितच भेटतो. आणि १६ वर्षांत तीन मोठे पूर आल्यावर "१०० वर्षांतून एकदा" हा हिशेब नव्याने मांडायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

भारतात हवामानबदलाचा कायदा आहे का?

त्या नावाचा एकच कायदा नाही. अनेक कायद्यांची गोधडी आहे. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा (फ्रिज-पंख्यावरचे तारे यातूनच आले), २०१० चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा. २००८ मध्ये केंद्राने आठ मोहिमांचा राष्ट्रीय कृती आराखडा केला. तो धोरण आहे, कायदा नव्हे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन कार्बन बाजाराची सोय झाली. सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद अशा उद्योगांना उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे उत्सर्जनाची मर्यादा. मर्यादेपेक्षा कमी सोडलं तर उरलेल्याची पत (क्रेडिट) विकायची, जास्त झालं तर ती विकत घ्यायची. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (जितकं सोडलं तितकं शोषून घेणं) हे उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर झालं, पण संसदेने ते कायद्यात बांधलेलं नाही.

घटनेत अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ (छ) पर्यावरणाबद्दल बोलतात. दोन्ही १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले. अधिकारांची वाटणी मात्र गुंतागुंतीची आहे. शेती आणि पाणी राज्याकडे, वीज आणि वनं दोघांकडे. आपलं कोयना आणि कर्नाटकातलं अलमट्टी या धरणांचा प्रश्न म्हणूनच इतका चिघळतो : पाणी राज्याच्या सूचीत, आणि नदीला राज्याची हद्द माहीत नाही. महाबळेश्वरच्या पावसाचं पाणी आपल्या दारावरून कर्नाटकात जातं, त्यामुळे लवाद नेमावा लागतो.

दुसरे लोकशाही देश काय करतात?

ढोबळ चार वाटा आहेत, आणि बहुतेक देश त्या एकमेकींत मिसळतात.

स्वीडनने १९९१ मध्येच कार्बनवर कर लावला, आणि त्याच वेळी उत्पन्नावरचा कर कमी केला. युरोपीय संघाने २००५ पासून उत्सर्जनाचे परवाने मोजून दिले आणि त्यांचा बाजार उघडला; परवान्यांची एकूण संख्या दरवर्षी कमी होत जाते. अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात दंडाची वाट सोडून सवलतीची धरली : सौर, पवन, बॅटरी यांना करात सूट. तीन वर्षांतच नव्या सरकारने त्यातला बराच भाग काढून टाकला.

चौथी वाट ब्रिटनची, आणि मला ती सर्वांत शिकण्यासारखी वाटते. २००८ च्या त्यांच्या कायद्यात कोणती गाडी चालवा, कोणतं इंधन जाळा असं काही नाही. सरकारने स्वतःलाच बांधून घेतलं. दर पाच वर्षांचं उत्सर्जनाचं अंदाजपत्रक, तेही बारा वर्षं आधी ठरवायचं. एक स्वतंत्र समिती दरवर्षी संसदेपुढे सांगणार की सरकार वाटेवर आहे की नाही, आणि सरकारला त्यावर उत्तर द्यावं लागणार. तेव्हा जवळजवळ सगळ्या पक्षांनी त्याला मत दिलं. ३० सप्टेंबर २०२४ ला त्या देशातलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं; जगातलं पहिलं सार्वजनिक कोळसा-वीजकेंद्र १८८२ मध्ये त्यांच्याच लंडनमध्ये सुरू झालं होतं. आता तिथल्या विरोधी पक्षाने सत्तेवर आलो तर हा कायदाच रद्द करू असं म्हटलं आहे. त्यामुळे तिथेही गोष्ट संपलेली नाही.

कर लावला की लोक सरकारच पाडतात ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१२ मध्ये कार्बनला किंमत लावली, दोन वर्षांत निवडणूक त्याच मुद्द्यावर फिरली आणि जुलै २०१४ मध्ये कायदा गेला. फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर उतरले, कारण डिझेलवरचा कर वाढणार होता आणि ज्याच्या गावाला बस नाही त्याला गाडीवाचून पर्याय नव्हता. सरकारने ती वाढ मागे घेतली. कॅनडाने २०१९ पासून इंधनावर कर लावला आणि त्यातला सुमारे ९० टक्के पैसा घराघरांत परत दिला. तरी पंपावरचा आकडा रोज डोळ्यांपुढे आणि परतावा तीन महिन्यांनी बँकेत; अनेकांना ती रक्कम कशाची हेच उमगलं नाही. १ एप्रिल २०२५ पासून तो कर बंद झाला.

आपल्याकडेही असा कर होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० वर गेला. पैसा स्वच्छ ऊर्जेसाठीच्या निधीत जायचा होता. २०१७ ला जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या महसूल-भरपाईकडे वळला. कुणी रस्त्यावर आलं नाही, कारण कर आला कधी नि गेला कुठे हे लोकांना दिसलंच नव्हतं.

आता उलट उदाहरण, आणि तेही आपल्याच जिल्ह्यातलं. नोकरीत असाल तर तुमची पगारपावती काढा. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, व्यवसाय कर. वर्षाला २,५००. हा कर १९७५ मध्ये कशासाठी लागला? दुष्काळात गावातल्या माणसाला काम देण्यासाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग करून रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला. शहरातल्या पगारदाराकडून कर, तितकीच भर सरकारची, आणि ज्याने काम मागितलं त्याला ते मिळण्याचा हक्क. पुढे २००५ मध्ये देशाने तीच वाट धरली.

तेव्हा "हवामान" हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. पण पावसाने दगा दिला तर त्याचा भार एकट्या शेतमजुरावर पडू नये म्हणून इतरांनी कर द्यायचा, ही त्यामागची रीत होती. नालाबांध आणि पाझर तलावांवर घाम गाळणाऱ्यांना तो पैसा हातात दिसत होता. म्हणून कर टिकला. माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं : लोकशाहीत हवामानाचा नियम टिकायचा असेल तर ज्याच्या खिशाला चाट बसते त्याला आधी विचारलं पाहिजे, आणि पैसा कुठे गेला हे त्याला दिसलं पाहिजे.

निवडणूक पाच वर्षांनी, हवामानाचा हिशेब पन्नास वर्षांचा. मेळ कसा बसणार?

हा लोकशाहीचा खरा कमकुवत सांधा आहे. आज जन्मलेल्या बाळाला मत नाही.

काही देशांत तो सांधा न्यायालयांनी धरून ठेवला. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला बजावलं की १९९० च्या तुलनेत उत्सर्जन २०२० अखेर किमान २५ टक्के कमी करायलाच हवं. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की आज थोडं कमी करून उरलेलं सगळं २०३० नंतरच्या पिढीवर ढकलणं म्हणजे त्यांचं स्वातंत्र्य हिरावणं. काही आठवड्यांत तिथल्या सरकारने निव्वळ शून्याचं वर्ष २०५० वरून २०४५ वर आणलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये, माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये येतो असं म्हटलं. या हक्काचा उपयोग आपण कसा करतो ते अजून पुढे आहे.

न्यायालयाच्या आदेशाने मात्र मन वळत नाही. म्हणून आयर्लंडने ९९ सामान्य नागरिक आणि एक अध्यक्ष, फ्रान्सने १५० नागरिक चिठ्ठी काढल्यासारखे निवडून बसवले आणि तज्ज्ञांना त्यांच्यापुढे बोलायला लावलं. स्वित्झर्लंड तर थेट मत घेतं : २०२१ मध्ये लोकांनी हवामानाचा कायदा थोडक्यात फेटाळला. सरकारने करांचा भाग काढून मदतीचा भाग वाढवला आणि २०२३ मध्ये ५९ टक्क्यांनी तो मंजूर झाला. "नाही" ऐकून मसुदा सुधारला, आणि मग "हो" मिळालं.

मग हुकूमशाहीत हे काम पटकन होत नाही का?

चीनने सौर पॅनेल ज्या वेगाने बसवले त्याला तोड नाही. नवी कोळशाची केंद्रंही तोच देश सर्वांत जास्त उभारतो. वेग आहे, पण उलट दिशेलाही तितकाच. आणि पूर आल्यावर "धरणातून पाणी कधी सोडलं?" असं भर चौकात विचारायची सोय मला सोडायची नाही.

सरकार धोरण सारखं बदलतं. उसवाल्याने कशाच्या भरवशावर राहायचं?

इथे तक्रार खरी आहे. इथेनॉल मिसळा, तेलाची आयात कमी होईल, धूर कमी होईल, उसाला भाव मिळेल, असं सांगून कारखान्यांना आसवन्या उभारायला लावलं. कर्जं काढून त्या उभ्या राहिल्या. ७ डिसेंबर २०२३ ला आदेश आला की उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका, कारण पाऊस कमी झाला होता आणि साखर महागण्याची भीती होती. आठवड्याभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत सूट मिळाली. पुढच्या हंगामासाठी बंदीच उठली.

म्हणजे हवामानासाठी केलेला नियम हवामानानेच मोडला. साखरेचा भाव आवरणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण गाळप सुरू झाल्यावर नियम बदलणं चूक होतं. किती पाऊस पडला तर किती इथेनॉल, हे कोष्टक आधीच जाहीर करता येतं. आणि उसाला लागणाऱ्या पाण्याचं बोलायचं टाळून इथेनॉलला हिरवं म्हणणंही बरोबर नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं होतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

साताऱ्याच्या पवनचक्क्यांचंही असंच. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर त्या उभ्या राहिल्या त्यात घसाऱ्यावरच्या करसवलतीचा मोठा वाटा होता. चक्की उभी केली की सवलत. फिरली किती याच्याशी तिचा संबंध नव्हता. २००९ अखेर केंद्राने तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटवर प्रोत्साहन द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे लक्ष पात्यांच्या फिरण्याकडे गेलं.

युरोपचा कायदा आपल्याला कसा लागू होतो? आपण तर तिकडे मत देत नाही.

तासगावच्या बागाईतदाराला हे समजावून सांगायची गरज नाही. २०१० च्या हंगामात द्राक्षांत सीसीसी या वाढरोधकाचे अंश सापडले आणि युरोपने माल अडवला. कंटेनर बंदरांत पडून, इथे बँकेचे हप्ते डोक्यावर. आमच्या कट्ट्यावर एक बागाईतदार काका येतात. त्यांनी एकदा फवारणीची वही आणली होती. तारीख, औषध, मात्रा, काढणीला किती दिवस बाकी, प्रत्येक ओळीला सही. पानांच्या कडा औषधाने निळसर झालेल्या. "हा कायदा मी वाचलेला नाही, पण गेली चौदा वर्षं रोज लिहितोय," असं म्हणाले.

आता तीच गोष्ट धुराबाबत होते आहे. युरोपात येणारं पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं किती कार्बन जाळून बनली त्यावर शुल्क. २०२३ च्या ऑक्टोबरपासून माहिती देणं सक्तीचं झालं आणि २०२६ पासून पैशांची जबाबदारी सुरू होते. द्राक्षं, बेदाणा, हळद यांत नाहीत. कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत युरोपसाठी लोखंडाचं काम करणाऱ्यांनी मात्र विजेची बिलं आणि कोळशाची नोंद आजपासून नीट ठेवावी. ज्यांनी दोनशे वर्षं धूर सोडला त्यांनी आता आपल्या छोट्या कारखान्याकडून वसुली करावी, यात अन्याय आहे. भारत सरकारने तो आक्षेप घेतला आहे आणि तो घेतलाच पाहिजे. पण आक्षेपाचा निकाल लागेपर्यंत वही कोरी ठेवून चालणार नाही.

पश्चिम घाटाचा नियम इतकी वर्षं का रखडला?

पश्चिम घाट कसा राखायचा यावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. २०१४ पासून केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे काढले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, केरळात वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. सहा राज्यांतलं ५६,८०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र त्यात आहे, त्यातलं १७,३४० महाराष्ट्रातलं.

पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरातल्या माणसाशी बोललं की कळतं की त्याचा विरोध जंगलाला नाही. "घराला खोली वाढवता येईल का? गोठा बांधता येईल का? पोराला रस्ता मिळेल का?" हे त्याचे प्रश्न. मसुद्यात मुख्य बंदी खाणी, दगडखाणी, औष्णिक वीज आणि अतिप्रदूषक उद्योगांवर आहे. चालू शेतीवर नाही. पण हे त्याच्या भाषेत, त्याच्या पारावर बसून कुणी सांगितलंच नाही. त्या रिकाम्या जागेत अफवा बसल्या. गाडगीळ समितीचा आग्रह होता की काय राखायचं हे ग्रामसभेने ठरवावं. तोच भाग पुढे गळाला, आणि माझ्या मते घोडं तिथेच अडलं.

भाषेचा मुद्दा किरकोळ समजू नका. २०२० मध्ये प्रकल्पांच्या पर्यावरण परवानगीचे नियम बदलणारा मसुदा आला तो इंग्रजी-हिंदीत. तो घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सर्व २२ भाषांत द्या आणि मुदत वाढवा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं. देशभरातून हरकतींचा पाऊस पडला. तो मसुदा पुढे अंतिम झालाच नाही.

ग्रामपंचायत काही करू शकते का?

करू शकते. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर गुण मिळतात, बक्षिसं मिळतात. पाचट न जाळण्याचा ठराव, ओढ्यातलं अतिक्रमण, शाळेवर सौर पॅनेल, ही कामं ग्रामसभेच्या हातातली आहेत.

मी एकटा काय करू? हरकत कशी नोंदवायची?

नियम अंतिम होण्याआधी मसुदा राजपत्रात येतो. केंद्राच्या पर्यावरणविषयक मसुद्यांना बहुधा ६० दिवस मिळतात. मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते. तिची जाहिरात ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते आणि सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी चालवतो. तुमचं म्हणणं इतिवृत्तात घ्यावं लागतं. माहिती मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार आहेच.

हरकत मराठीत लिहा, एक पानात लिहा. मसुद्याचा क्रमांक आणि कलम वर घाला. "माझा विरोध आहे" एवढंच लिहिलेली अर्जांची चळत बाजूला पडते. त्याऐवजी कोणता शब्द बदलून काय हवं ते लिहा. गट क्रमांक, आकडा, फोटो जोडा.

आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या घरात जिन्याच्या भिंतीवर तीन आडव्या रेघा आहेत, पाणी ओसरायच्या आत खिळ्याने ओढलेल्या. शेजारी ०५, १९, २१. पूररेषेबाबतच्या निवेदनाला आम्ही त्या भिंतीचा फोटो जोडला आणि उंबऱ्यापासून प्रत्येक रेघेची उंची टेपने मोजून खाली लिहिली. आवक-जावकच्या खिडकीतल्या कारकुनाने तो फोटो दोनदा पाहिला, मग शिक्का मारला. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, आणि तिची एक प्रत घरात वरच्या मजल्यावर ठेवा.